चोराच्या हाती किल्ल्या

करवीर म्हणजे कोल्हापूर संस्थानात 1918 पर्यंत काही जातींच्या माणसांना सरकारदरबारी हजेरी द्यावी लागत होती. महार, मांग, रामोशी आणि बेरड. या जातींत जन्माला आले की संशयितांच्या यादीत नाव पडायचे. त्या माणसाने कधी चोरी केली होती का, हे कोणी विचारत नव्हते. नाव पुकारले की 'हजर' म्हणायचे. ज्याचे उत्तर आले नाही, त्याच्यावर पहिला संशय. रात्री गावात घर फुटले, तर तपासाचे अर्धे काम यादीनेच करून ठेवलेले असे.

हजेरीने किती चोऱ्या थांबल्या, हे सांगणे कठीण आहे. तिने काय काय बंद पाडले, ते मात्र समजण्यासारखे आहे. कोल्हापूरच्या मुलखात हंगामात गुऱ्हाळे रात्रंदिवस चालतात. पलीकडच्या गावच्या गुऱ्हाळावर रात्रीचे काम मिळाले, तर हजेरी बांधलेला माणूस ते घेणार कसा? बाजाराच्या गावी मुक्काम करावा, शहरात जाऊन कारखान्यात लागावे, लांबच्या नातेवाइकाकडे मुलगा शिकायला ठेवून यावे, यातले काहीही परवानगीशिवाय करता येत नसे. प्रामाणिक मजुरीचे रस्ते एकेक करून बंद करायचे, उपाशी माणसाने कणसे मोडली की यादी खरी ठरली म्हणायचे, असा हा कारभार. आणि हे सगळे पाहत त्या घरातला दहा वर्षांचा पोरगा वाढत असे. मोठेपणी आपण कोण होणार, हे त्याला चावडीवर बापाच्या नावाच्या पुकाऱ्यातच कळत होते.

संस्थानचे राजे शाहू महाराज यांनी 1918 मध्ये ही हजेरी बंद केली. त्याच्या आदल्याच वर्षी संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे झाले होते. मूल शाळेत न धाडणाऱ्या पालकाला दरमहा एक रुपया दंड होता. इतिहासाच्या पुस्तकांत हे दोन हुकूम वेगवेगळ्या मथळ्यांखाली येतात, एक 'शैक्षणिक कार्य' म्हणून, दुसरा 'सामाजिक सुधारणा' म्हणून. मला ती एकाच हुकुमाची दोन कलमे वाटतात. मुलाला शाळेत घाला म्हणून बापाला दंड करायचा आणि त्याच बापाला चोर समजून रोज उभे करायचे, हे एका राज्यात फार दिवस चालणारे नव्हते. शाळेत बसलेल्या पोराला मास्तर चांगला माणूस हो म्हणणार आणि चावडी म्हणणार, तू चोरच. यातल्या कोणाचे ऐकायचे? पोरे बहुधा अधिक ताकदवान बाजूचे ऐकतात.

फासेपारध्यांची गोष्ट याच्याही पुढची आहे. हरणे, तित्तर, लाव्हे फाशात धरून जगणारी ही जमात. इंग्रजी अमलात जंगले राखीव झाली, शिकारीवर बंधने आली आणि त्यांचा धंदाच बेकायदा झाला. मग शेतातले धान्य, रात्रीची घरफोडी, पोलिसांचा पाठलाग. महाराज स्वतः पट्टीचे शिकारी, रानोमाळ हिंडणारे. रानाची इतकी बारीक जाण असलेली माणसे नुसती पकडून कोंडण्यात काय हशील, हे त्यांना कोणी सांगावे लागले नसणार. त्यांनी फासेपारध्यांना बोलावून घेतले, राहायला जागा दिली, हाताला काम दिले, आणि त्यांच्यातल्या काहींना चक्क पहाऱ्यावर नेमले.

चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या, असे आपण मूर्खपणाचे उदाहरण म्हणून म्हणतो. इथे राजाने तेच जाणूनबुजून केले. पण त्यात वाटते तेवढे धाडस नव्हते, किंवा निराळ्या प्रकारचे होते. मराठी मुलखाला ही रीत जुनी होती. रामोशी आणि बेरड हे पिढ्यान् पिढ्या गावांचे आणि किल्ल्यांचे रखवालदार. ज्याला अंधारातल्या वाटा ठाऊक, त्यालाच राखण द्यायची आणि त्याबद्दल त्याचा हक्काचा वाटा बांधून द्यायचा. उमाजी नाईकांचे घराणे पुरंदर किल्ल्याच्या राखणीचे. हे हक्क काढून घेतल्यावर रखवालदारांचे बंडखोर आणि दरोडेखोर झाले. उमाजींना 1832 मध्ये पुण्यात फाशी झाली. म्हणजे आधी रखवालदार होते, त्यांना बेकार करून चोर केले गेले, मग चोर म्हणून त्यांची यादी झाली. कोल्हापुरात हे चक्र उलटे फिरवले गेले, इतकेच.

याच काळात शेजारच्या ब्रिटिश मुलखात दुसरा प्रयोग चालू होता. गुन्हेगार जमातींचा कायदा 1871 चा. 1911 च्या नव्या कायद्याने तो मुंबई इलाख्यासह सगळ्या ब्रिटिश हिंदुस्थानात लागू करता आला. सोलापूरला काटेरी तारेच्या आत वसाहत उभी राहिली. लोक अजूनही त्या भागाला 'सेटलमेंट' म्हणतात. तिथे शाळा होती. कामही होते, गिरण्या जवळच होत्या. चालवणाऱ्यांत मनापासून काम करणारे अधिकारी आणि मिशनरीही होते. शिक्षण आणि रोजगार ही सुधारणेची दोन्ही औषधे तिथे होती. पण तारही होती आणि हजेरीही होती. आत जन्मलेले मूल शाळेत पाढे म्हणत मोठे होई आणि मोठेपणी पुन्हा हजेरीला उभे राही. हा कायदा 31 ऑगस्ट 1952 ला संपला. त्या तारखेला विमुक्त दिन पाळतात. चार दशके पाढे शिकवूनही बाहेरच्या समाजाच्या डोक्यातली यादी पुसली गेली नाही, कारण ती पुसण्याचे काम शाळेकडे दिलेलेच नव्हते. शिक्षण काय करू शकते आणि काय नाही, हे समजायला सोलापूरची ही वसाहत कुठल्याही प्रबंधापेक्षा उपयोगी आहे.

इथवर आपण जमातींबद्दल बोललो. एकट्या मुलाचे काय?

युक्रेनमधल्या पोल्टावा शहराजवळ 1920 मध्ये अंतोन मकारेंको नावाच्या शिक्षकाकडे बालगुन्हेगारांची वसाहत सोपवण्यात आली. यादवीचा काळ, उपासमार, आणि हाताखाली चोऱ्या-लूटमार केलेली पोरे. मकारेंकोंनी पुढे या अनुभवावर 'पेडागॉजिकल पोएम' हे पुस्तक लिहिले. त्यातला एक प्रसंग जगभरचे शिक्षक सांगत आले आहेत. काराबानोव नावाच्या, लूटमारीत सापडलेल्या पोराला त्यांनी शहरातून वसाहतीचे 500 रूबल घेऊन यायला पाठवले. सोबत घोडा दिला, पिस्तूल दिले. तो परत आला. काही दिवसांनी त्याला 2000 रूबल आणायला पाठवले. तेही त्याने आणले आणि मोजून घ्या म्हणून हटून बसला. मकारेंको म्हणाले, तू मोजलेस ना, मग झाले. आणि पैसे तसेच खणात टाकले. काराबानोव ज्याच्यावरून रंगवला तो सेम्योन कालाबालिन पुढे स्वतः अनाथ आणि वाट चुकलेल्या मुलांची वसाहतगृहे चालवू लागला.

गोष्ट इतकी गोड आहे की तिच्यातली कारागिरी नजरेतून सुटते. आधी 500, मग 2000. पहिल्याच दिवशी तिजोरी उघडी टाकलेली नाही. काम खरे होते; पैसे आले नसते तर वसाहतीत लोक उपाशी राहिले असते, म्हणजे ही परीक्षा घेण्यासाठी रचलेले नाटक नव्हते. पोरांना नाटकाचा वास लगेच येतो. मुद्दाम टेबलावर शंभराची नोट ठेवून दाराआडून पाहणारे मोठे लोक आपल्याकडे कमी नाहीत, आणि तो मुलगा ती नोट उचलतो ती बहुधा रागानेच. शिवाय पैसे बुडाले असते तर जाब मकारेंकोंना द्यावा लागला असता. विश्वास टाकणाऱ्याचे काहीतरी पणाला लागलेले असावे लागते. त्याशिवाय समोरच्याला तो विश्वास वाटत नाही, सवलत वाटते. मकारेंको संतही नव्हते. याच पुस्तकाच्या आरंभी एका मुलाला आपण संतापून मारले, हे त्यांनी लिहून ठेवले आहे.

चोरी करणाऱ्या पोराच्या मनात काय चालते, याबद्दल लिहिताना सावध राहायला हवे. सगळीच पोरे भुकेने चोरत नाहीत. कोणाला दोस्तांत मान हवा असतो, कोणाच्या मागे माल विकून देणारा मोठा माणूस असतो, कोणाला नुसती दुचाकी चालवायची असते आणि पेट्रोल संपले की तो ती रस्त्याकडेला सोडून घरी जातो. पण एक गोष्ट गुन्हेशास्त्रात पक्की मानली जाते: गुन्हे करण्याचे प्रमाण किशोरवयाच्या अखेरीस सर्वांत जास्त असते आणि पंचविशीकडे जाताना उतरू लागते. बहुतेक पोरे आपणहून थांबतात. नोकरी लागते, लग्न होते, कंटाळा येतो. म्हणून प्रश्न असा विचारला पाहिजे की ज्याची चोरी एरवी थांबली असती, त्याची ती कशामुळे थांबत नाही. याचे एक उत्तर शिक्का हे आहे. एकदा पोलिसांच्या रेकॉर्डवर आला, की गल्लीत सायकल गेली तरी त्याला उचलायचे. भीमराव गस्तींनी 'बेरड' या आत्मकथनात सीमाभागातल्या आपल्या जमातीची हीच कहाणी मांडली आहे. शाळेतून नाव कमी झालेले, कामावर कोणी घेत नाही, आणि विचारपूस करणारा माणूस एकच उरतो: चोरीचा माल घेणारा.

धाक दाखवून पोरे सुधारतात, ही समजूत जुनी आणि आवडती आहे. अमेरिकेत न्यूजर्सीच्या राहवे तुरुंगात 1970 च्या दशकात ती पद्धतशीर राबवली गेली. उनाड पोरांना तुरुंगात नेऊन जन्मठेपेच्या कैद्यांकडून दरडावून घ्यायचे. त्यावरचा माहितीपट 1978 मध्ये गाजला, कार्यक्रम देशभर पसरला. पुढे अशा कार्यक्रमांचे अभ्यास एकत्र तपासले तेव्हा निघाले की त्यातून गेलेली मुले न गेलेल्यांपेक्षा जास्त गुन्हे करत होती.

मात्र मायेची बाजू घेणाऱ्यांनी लगेच खूश होऊ नये. बोस्टनजवळ केंब्रिज आणि सॉमरव्हिल या गावांत 1939 मध्ये 506 मुलांना घेऊन एक प्रयोग सुरू झाला. सारख्या मुलांच्या जोड्या लावल्या आणि प्रत्येक जोडीतल्या एकाला समुपदेशक, घरभेटी, शिकवणी, औषधोपचार, उन्हाळी शिबिरे असे सगळे काही दिले. संशोधक जोन मकॉर्ड यांनी 30 वर्षांनी या मुलांचा माग काढला. मदत मिळालेले पुष्कळजण म्हणाले, आम्हाला फार उपयोग झाला. आकडे मात्र सांगत होते की गुन्हेगारीत दोन गटांत मदतीच्या बाजूने काहीच फरक पडला नव्हता, आणि काही बाबतींत मदत मिळालेल्यांचीच अवस्था वाईट होती. असे का झाले असावे, याचा शोध पुढे बरीच वर्षे चालला. सर्वांत पटणारे स्पष्टीकरण शिबिरांकडे बोट दाखवते. बिघडू पाहणारी मुले एका जागी आणून ठेवली की ती एकमेकांना बढाया सांगतात आणि एकमेकांकडून शिकतात. ज्याने एखादीच चोरी केली आहे, त्याने सराईत पोराच्या शेजारच्या गादीवर झोपावे की नाही, हा म्हणूनच साधा व्यवस्थेचा प्रश्न नाही.

आपला कायदा हे ओळखून आहे, निदान कागदावर. समजा 14 वर्षांच्या एका पोराने कोल्हापुरात रंकाळा तलावावर कोणाचा मोबाईल उचलला आणि तो सापडला. साध्या चोरीला मोठ्या माणसासाठीची कमाल शिक्षा तीन वर्षांची, त्यामुळे 2015 च्या बाल न्याय कायद्याच्या दृष्टीने हा किरकोळ अपराध. चोरीत त्याच्यासोबत प्रौढ माणूस नसेल तर प्रथम खबर नोंदवायची नाही, स्टेशन डायरीत नोंद पुरते. कोठडीत ठेवायचे नाही, बेडी नाही. 24 तासांच्या आत बाल न्याय मंडळापुढे न्यायचे, आणि जामीन हा नियम, नाकारणे हा अपवाद. परिविक्षा अधिकाऱ्याने दोन आठवड्यांत सामाजिक तपास अहवाल द्यायचा: घरात कोण आहे, शाळा कधी सुटली, बाप दारू पितो का, पोरगा कोणाबरोबर हिंडतो. चौकशी चार महिन्यांत संपवायची, फार तर आणखी दोन महिने. किरकोळ अपराधात तेवढ्यातही संपली नाही तर प्रकरण आपोआप बंद. समज देऊन सोडणे, समाजसेवेचे काम, देखरेखीखाली घरी पाठवणे, असे पर्याय मंडळापुढे असतात. मात्र हाच मोबाईल त्याने कोणाच्या घरात शिरून उचलला असता, तर प्रकरण वरच्या पायरीवर गेले असते, कारण घरातल्या चोरीला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. पोराला हा फरक ठाऊक नसतो.

यातले मला सर्वांत मोलाचे वाटणारे कलम फारसे कोणाला माहीत नाही. प्रकरण निकाली निघाल्यावर चारित्र्याच्या दाखल्यासाठीसुद्धा पोलिसांनी मुलाची नोंद उघड करायची नाही, असे कलम 74 सांगते. हजेरीबंदीचा 1918 चा हुकूम आणि हे कलम यांच्यात सुमारे शंभर वर्षे आहेत, पण दोन्हींचे काम एकच.

कोल्हापुरात अशा मुलांची वाट मंगळवार पेठेतल्या बालकल्याण संकुलाकडे जाते. शहरात अजून सगळे त्याला रिमांड होमच म्हणतात. परिविक्षा व अनुरक्षण संघटनेमार्फत ते चालते. संघटनेच्या नावातला अनुरक्षण हा भाग, म्हणजे मूल बाहेर पडल्यानंतरची सोबत, राज्यभर कुठेही गेले तरी सर्वांत दुबळा असतो. आत असेपर्यंत जेवण, झोप, शाळा ठरलेली. बाहेर पडल्यावर सकाळी 10 वाजता त्याने काय करायचे, हे कुठल्याच आदेशात लिहिलेले नसते.

कोल्हापूरला विश्वासाच्या गोष्टीचा आणखी एक धागा आहे. औंध संस्थानात राजा भवानराव पंतप्रतिनिधी आणि पोलंडहून आलेला अभियंता मॉरिस फ्रीडमन यांनी 1939 मध्ये आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसवले, भिंती नसलेला तुरुंग. कैदी तिथे कुटुंबासह राहून शेती करत. आटपाडीजवळच्या माडगुळ्याचे ग. दि. माडगूळकर यांनी त्यावरून कथा लिहिली आणि कोल्हापूरच्या व्ही. शांताराम यांनी 1957 मध्ये 'दो आँखें बारह हाथ' काढला. चित्रपट बर्लिनला जाऊन बक्षीस घेऊन आला. वसाहत अजून चालू आहे. पण सिनेमातला जेलर सहा खुनी कैदी घेऊन माळरानावर जातो. आज खुल्या वसाहतीत जायचे तर आधी बंद तुरुंगात चांगली वर्तणूक दाखवावी लागते. प्रशासन म्हणून ते बरोबरच आहे. तरी तिथे विश्वास शेवटी मिळतो, आणि शाहू महाराजांनी आणि मकारेंकोंनी तो आरंभी दिला होता.

शिक्षणाकडे वळताना लक्ष्मण गायकवाडांची आठवण होते. 'उचल्या' हे त्यांचे आत्मकथन 1987 मध्ये आले, पुढच्या वर्षी त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. पाकीटमारी हाच ज्या जमातीचा शिकवून दिलेला धंदा, त्या घरातला पोरगा शाळेत गेला. वस्तीतली मुले आजारी पडली तेव्हा दोष त्याच्या शाळेवर आला. म्हणजे पोरावर विश्वास टाकायला बाहेरचे तयार नव्हते आणि शाळेवर विश्वास टाकायला घरचे तयार नव्हते. तरी तो टिकला, कारण त्याचा बाप मागे उभा राहिला. पुढे लातूरच्या सूतगिरणीत नोकरी. या क्रमातून मला दिसते ते असे: अक्षरओळखीने त्याला चोरी वाईट असल्याचे शिकवले नसेल, ते त्याला आधीही माहीत असणार. तिने त्याला गिरणीच्या दारातून आत नेले.

14 ते 18 या वयात ते दार कुठे आहे, हा कोल्हापूरपुढचा आजचा अवघड भाग आहे. एके काळी शिवाजी उद्यमनगरात असा पोरगा एखाद्या मिस्त्रीच्या हाताखाली लेथवर उभा राहून कारागीर होत असे. आता फौंड्रीसारख्या धोक्याच्या कामावर 18 च्या आतले मूल ठेवणे गुन्हा आहे आणि तो असायलाच हवा. पण आठवीतून शाळा सुटलेल्या, एकदा मंडळापुढे उभ्या राहिलेल्या 16 वर्षांच्या पोराला शाळाही परत घ्यायला राजी नसते. वर्ग भरला, वय वाढले, इतर पालक तक्रार करतील अशी कारणे निघतात. उरतो 17 नंबरचा फॉर्म. बाहेरून दहावीला बसायचे, आणि दहावी झाली तर आयटीआयमध्ये वेल्डिंग, फिटर, मोटार मेकॅनिक हे सगळे खुले होते. फॉर्म ऑनलाइन भरता येतो. मात्र त्यासाठी जुन्या शाळेचा दाखला लागतो. तो आणायला मुलाने एकट्याने गेले तर पुष्कळदा तो कार्यालयाच्या दारातूनच परत येतो. सोबत परिविक्षा अधिकारी, एखादा निवृत्त मास्तर, गल्लीतल्या तालमीचा वस्ताद, कोणीही मोठे माणूस असले आणि हा माझा मुलगा आहे, याचा दाखला द्या, असे म्हणाले, तर पाच मिनिटांत काम होते. पुढे परीक्षेची फी भरायला त्याच्या हातात पैसे द्यायचे की आपणच भरून यायचे, हे त्या मोठ्या माणसाने ठरवायचे असते.